नाव मोफत टाकून मिळेल

माणूस जातो, भांड्यावरचं नाव राहतं. हे वाक्य मी गेल्या चैत्रात, भर दुपारी, पंखा बंद करून लिहिलं. पंख्याच्या घरघरीत गांभीर्य टिकत नाही. लिहून झाल्यावर घामानं निथळत मी ते मनालीला, म्हणजे माझ्या मुलीला, वाचून दाखवलं. तिनं ते निमूटपणे वेबसाइटवर चढवलं आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. पितळेच्या गुंडाच्या, म्हणजे पाण्याच्या घागरीच्या, फोटोखाली फक्त 'माणूस जातो...' एवढंच दिसत होतं, आणि त्याच्याखाली हिरव्या चौकटीत 'आताच खरेदी करा'. "बाबा, फोनवर इतकीच अक्षरं मावतात," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत ते तसंच राहिलं. मग तिनं ते काढून 'नाव मोफत टाकून मिळेल' असं टाकलं. ते पूर्ण मावलं.

मी अड्याळच्या कनिष्ठ महाविद्यालयात पंचवीस वर्षं वाणिज्य शिकवतो. रोज सकाळी भंडाऱ्याहून एसटीनं जातो, दुपारी येतो. विपणन हा माझा हातखंडा विषय आहे असं माझ्या विद्यार्थ्यांना सांगण्यात येतं. वस्तू, किंमत, स्थळ, प्रसिद्धी, हे चार शब्द मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिले आहेत की पुसल्यावरही फळ्यावर त्यांची सावली राहते. पण स्वतः मी कधी काही विकलं नव्हतं. म्हणजे एकदा विकलं होतं, नऊ भांडी, ज्या वर्षी जिल्हा फुटला त्या वर्षी, आणि त्या व्यवहारात मी आईशी एक खोटं बोललो होतो. ते खोटं इतकं लहान होतं की त्याच्यावर कोणी गोष्टही रचणार नाही. पण लहान खडा चपलेत जास्त टोचतो. आई बारा वर्षांपूर्वी वारली आणि खडा तिथंच राहिला. मनाली इंजिनिअर होऊन घरी बसली होती. "भंडाऱ्याचं पितळ ऑनलाईन विकू," असं ती म्हणाली तेव्हा मी हो म्हटलं ते व्यवसायाच्या ओढीनं की त्या खड्यामुळे, हे मला सांगता येत नाही. फुकटात नाव कोरून देण्याची कल्पना माझीच होती. तिला मी वर्गात मूल्यवर्धन म्हणतो. मनालीनं दुकान उभं केलं, गुंड, गंज म्हणजे पातेलं, कोपर म्हणजे काठाचं पसरट भांडं आणि गडवा म्हणजे तांब्या अशा चारच वस्तू ठेवल्या, फोटो काढले, पितळेवर पाण्याचा थेंब घरंगळतो असे दोन व्हिडिओ केले, आणि जूनमध्ये तिला पुण्याला नोकरी लागली. जाताना तिनं मला एवढंच शिकवलं की ऑर्डर आली की फोनवर निरोप येतो, निरोपात वस्तू, पत्ता आणि टाकायचं नाव असतं. वस्तू बांधायची आणि धाडायची. "बाकी कायले हात लावू नका," ती म्हणाली. मी लावला नाही.

पहिला निरोप जुलैत आला तेव्हा मी बारावीच्या वर्गात 'ग्राहक हा राजा' हा मुद्दा लिहीत होतो. खिशात फोन थरथरला. मी मुद्दा अर्धा सोडून फोन पाहिला, जे मी मुलांना करू देत नाही. पत्ता इंदूरचा होता, कोण्या जोशीचा. वस्तू: पितळी गुंड, मोठं. भांड्यावर टाकायचं नाव: मंगलाबाई डोमाजी बन्सोड, जवाहरनगर. मी ते तीनदा वाचलं. वर्गात कोणीतरी बाक सरकवला आणि तो आवाज मला थेट दातांत लागला. मंगलाबाई डोमाजी बन्सोड हे माझ्या आईचं नाव. डोमाजी माझे वडील, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत कामगार. तिथल्याच क्वार्टरमध्ये मी वाढलो. इंदूरला आमचं कोणी नाही. इंदूर सोडा, आईला गोंदियाच्या पलीकडे कोणी ओळखत नव्हतं, आणि गोंदियातही दोनच घरं. मी फळ्याकडे वळलो. 'ग्राहक हा' एवढंच लिहिलेलं होतं आणि मला पुढचा शब्द आठवेना.

आईला वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव येत होतं. ते तिला बोटांनी येत होतं. बाबांनी निर्माणीतल्या पहिल्या पगारातून तिला पितळेचं गुंड आणलं आणि कोरणाऱ्याला सांगितलं, माझं नको, हिचं नाव टाक. तिच्या आईच्या घरी मातीचीच भांडी होती, आणि विहिरीवर तीही दुसऱ्यानं दुरून भरून द्यायची. छप्पन सालानंतर घरातला देवांचा कोनाडा रिकामा झाला होता. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये तसा कोनाडा नव्हता, म्हणून आईनं खिडकीच्या कट्ट्यावर भांडी मांडली, एकेक करून दहा. प्रत्येकावर तेच नाव, टिंबाटिंबांनी ठोकलेलं. चिंच आणि राख लावून घासताना तिचं बोट त्या टिंबांवरून जायचं आणि 'ला'पाशी थोडं थांबायचं. का, ते मी विचारलं नाही. निर्माणीची बस सुटायच्या भोंग्याबरोबर तिचं घासणं सुरू होई, आणि त्या वासाला, ओल्या राखेच्या आणि आंबट पितळेच्या, मी बराच काळ सकाळचा वास समजत असे. पुढे मनाली झाली, बोलू लागली, तेव्हा घरात नावाची भांडी उरली नव्हती. आई तिचा तळहात उलगडून त्यावर नखानं टिंबं देत देत नाव म्हणायची, आणि पोरगी खिदळायची. मी वर्तमानपत्र वाचत असायचो.

इंदूरचं गुंड घेऊन मी तुलारामकडे गेलो. तुलाराम पितळेच्या गल्लीत भांड्यांवर नावं टाकतो. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुकान म्हणजे एक पायरी. बाकीच्यांसाठी तो विजेचं पेन वापरतो, जे दंतवैद्यासारखं किरकिरतं. नावाची चिठ्ठी त्याला दिली. त्यानं ती चांगल्या डोळ्यापाशी नेली, खाली ठेवली, पेन बाजूला सारलं आणि डब्यातून जुनी टोचणी काढली. मग चिठ्ठीकडे परत न पाहता ठोकू लागला. टक टक टक. एकाच मापात. मी म्हटलं, "तुलारामभाऊ, चिठ्ठी तर पाहा."

"कायले? हे नाव मी पयले बी टाकलो आहो."

"कधी?"

"थे कसं सांगू जी? हाताले आठवते, मले नाही आठवत."

मला पायरीवर बसावंसं वाटलं, पण पायरी त्यानं व्यापलेली होती. मी उगाच विचारलं, की लोक मोडीत जुनी भांडी देतात, त्यांचं पुढे काय होतं. वाणिज्याच्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं. तुलाराम हसला. "काय होईन? वितळते. पत्रा होते. मंग पुन्हा भांडं होते. पितळ कुठी जाते सर? इथंच फिरून राह्यते. हे गुंड किती घरायचं पाणी भरून आलं आहे, त्यालेच माहीत." आणि त्यानं गुंडाच्या पोटावर टिचकी मारली. तो नाद मी ओळखला असं मी म्हणणार नाही. गुंड सगळीच सारखी वाजतात. पण तो नाद थांबल्यावर जी शांतता झाली ती मी ओळखली.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या मे महिन्यात गोंदिया वेगळा झाला. कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होत्या, आणि त्याच महिन्यात बाबा निवृत्त झाल्यामुळे आमचं क्वार्टर रिकामं करायचं होतं. भंडाऱ्यात दोन खोल्या घेतल्या होत्या. माझं लग्न नुकतंच झालं होतं, नोकरीलाही एकच वर्ष झालं होतं, आणि मी नव्या शिक्षकाप्रमाणे पुस्तकातले शब्द घरात वापरत होतो. कट्ट्यावरच्या भांड्यांकडे बोट करून मी म्हणालो की हा 'डेड स्टॉक' आहे. मोडीत देऊ, स्टील घेऊ, मिक्सर घेऊ. आई थोडा वेळ भांड्यांकडे पाहत राहिली. मग आतून कानस घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. "नाव खोडून दे बाबू. सगळ्यायचं. माहं नाव भट्टीत नको जाऊ देऊ." दहावा गडवा तिनं बाजूला केला. त्याच्या पोटावर एक चकचकीत घासलेला पट्टा होता, तिथलं नाव कधीतरी आधीच गेलेलं. "हा राहू दे. हा जात नाही," ती म्हणाली. मला वाटलं, जीव अडकला आहे. मी ऑटो केला, नऊ भांडी गल्लीत नेली, मोडीच्या दुकानात ऊन टाळत तासभर उभा राहिलो. दुकानात गर्दी होती, भिंतीवर कसलीशी पाटी होती, भाव लिहिलेला असेल. कानस खिशातच राहिली. नऊ भांड्यांची नावं खोडायला दिवस गेला असता, आणि वितळणाऱ्या वस्तूला नाव काय आणि बिननाव काय. माझा युक्तिवाद बिनतोड होता. संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई दारातच होती.

"खोडलं?"

"हो."

"सगळ्यायचं?"

"हो म्हटलं ना."

"आन घेतलं त्यानं?"

"घेतलं."

आईनं हात पुढे केला, कानस घेतली, कानशीच्या दातांवरून अंगठा फिरवला, अंगठा पाहिला आणि कानस फळीवर ठेवली. "बरं," ती म्हणाली. पुढच्या बारा वर्षांत ती माझ्याशी सगळं बोलली. भाव, दुखणी, नातेवाईक, मनालीचे मार्क. पण भांड्यांचा विषय तिनं काढला नाही, आणि मीही काढला नाही. शेवटच्या आजारात ती त्या गडव्यातूनच पाणी प्यायली. तो गडवा अजून आमच्या घरी आहे आणि कानसही, त्याच फळीवर.

ऑगस्टात ठाण्याहून गंज मागवला गेला. नाव तेच. मग रतलाम, मग इचलकरंजी, मग बिलासपूर. मधून मधून साध्या ऑर्डरीही येत होत्या, कुणाचं 'स्वरा-अद्वैत', कुणाचं 'श्री गजानन प्रसन्न', आणि त्या आल्या की मला हायसं वाटे, जसं रात्रभर तापलेल्या माणसाला सकाळच्या दूधवाल्याचा आवाज ऐकून वाटतं. पण तेवढ्यात पुन्हा ते नाव येई, जवाहरनगरसकट, एका अक्षराचाही फरक न होता. आधी मी नातेवाइकांवर संशय घेतला. आमच्या नातेवाइकांत एवढा विनोद नाही. मग कोणीतरी फसवतं आहे असं ठरवून बिलासपूरच्या ग्राहकाला फोन केला. पलीकडे कुकरची शिट्टी होत होती. मी हिंदीत विचारलं की भांड्यावर नाव नक्की कोणतं टाकायचं. तो माणूस घाईत होता. "जो लिखा है, वही डाल दो ना भाईसाब," तो म्हणाला आणि फोन ठेवला. जो लिखा है. मी ते दोन दिवस मनातल्या मनात म्हणत होतो. एसटीत खिडकीच्या गजांवर माझं बोट आपोआप टिंबं देत बसे, आणि 'ला'पाशी थांबे.

मनालीला का विचारलं नाही, हे आता समजावणं कठीण आहे. तेव्हा ते उघड होतं. तिला विचारलं असतं तर आजीचं नाव काढावं लागलं असतं, आजीचं नाव काढलं की भांडी निघाली असती, आणि भांडी निघाली की कानस. हर्षालाही, म्हणजे बायकोलाही, मी सांगितलं नाही. खोके मी स्वतः बांधत होतो, नावाची बाजू आत करून, बबल रॅपचे चार वेढे देऊन. आमची पुढची खोली पितळेनं भरली होती. दुपारी कॉलेजातून आलो की दार उघडण्याआधी मी क्षणभर थांबायचो, कारण आत कोणीतरी नुकतंच बोलायचं थांबलं आहे असं वाटायचं. उन्हाची तिरीप खिडकीतून आली की सगळी भांडी एकदम पिवळी होत आणि प्रत्येकाच्या पोटात मी दिसे, रुंद, बुटका, वाकलेला, हातात काहीतरी लपवणारा. एकदा जेवताना हर्षा म्हणाली, "पाण्याले पितळेचा वास येऊन राह्यला." मी विचारलं, "तुलाही येतो?"

"येईनच नं. घरात क्विंटलभर पितळ आहे. येईन नाही तं काय मोगऱ्याचा येईन?"

ती हसली. मी हसलो नाही याची तिनं नोंद घेतली असावी, कारण नंतर तिनं मला बीपीची गोळी घेतली का ते विचारलं.

सप्टेंबर संपता संपता मी मोजू लागलो. मोडीत दिली होती नऊ. तीन गुंड, दोन गंज, दोन पराती, दोन कोपर. त्या नावानं गेलेली भांडी होती आठ: तीन गुंड, चार गंज, एक कोपर. आकडे अगदी जुळत नव्हते, आणि ही गोष्ट माझ्या बाजूची होती. पण आमच्या दुकानात परात नव्हतीच, आईनं मागवली तरी कशी असती? तेव्हा हळूहळू त्या दोन परातींच्या जागी मला दोन गंज आठवू लागले, आणि आठवता आठवता त्यांच्या कडा, त्यांचे पोचे, त्यातल्या एकाला लागलेला खिरीचा डाग, सगळं स्पष्ट झालं. स्मरणशक्ती ही अतिशय ग्राहकाभिमुख असते. म्हणजे एकच कोपर उरलं होतं. ती एकेक भांडं परत मागत होती, न खोडलेल्या नावाचं, अनोळखी गावांच्या आडून, जशी ती शेजारच्या पोरांच्या आडून मला जेवायला हाक पाठवायची. यात राग नव्हता. राग असता तर मी समजून घेतला असता. त्यात हिशेबी शांतपणा होता, 'बरं' म्हणाली त्या आवाजातला. एका रविवारी मी खांब तलावाच्या काठी जाऊन बसलो. काठावर कोणी नव्हतं. पाणी हलत नव्हतं आणि त्यावर शेवाळाची बारीक टिंबं पसरली होती. मी ती वाचायला लागलो हे लक्षात येताच उठलो आणि घरी आलो. दारात फोन थरथरला. कोपर, एक. पत्ता जबलपूरचा. नाव वाचायची गरज नव्हती. नऊ पूर्ण झाली.

आता एकच उरलं होतं, गडवा, आणि तो तर गेलाच नव्हता. तो मागितला गेला तर त्याचा अर्थ काय होईल हे मी मनाशी बोलायचं टाळलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गडव्याची ऑर्डर आली. स्वयंपाकघरातला आमचा गडवा मी आधी पाहून आलो, तो जागेवर होता, मग खुर्चीवर बसून निरोप उघडला. नाव होतं, टायगर. सोबत सूचना होती की गडवा पसरट तोंडाचा असेल तर बरं, कुत्र्याला पाणी पिताना त्रास होतो.

आणि मग भांडी परत येऊ लागली. ठेवून दिलेले खोके लोकांनी दिवाळीच्या तोंडावर सोडले असावेत. पहिलं इंदूरचं गुंड आलं. मी कॉलेजात होतो; कुरियरवाल्याकडून हर्षानं घेतलं, सोडलं. मी घरी पोचलो तेव्हा गुंड ओट्यावर होतं आणि हर्षा कांदा चिरत होती.

"अवो, यावर आईचं नाव काहून टाकलं तुमी?"

"मी नाही. गिऱ्हाइकानं सांगितलं."

"इंदूरच्या जोशीनं? आपल्या आईचं?"

"हो."

तिनं सुरी ठेवली. "मंग तुमाले काही वाटलं नाही?"

काय वाटलं ते सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर तिनं फोडणी टाकली, गॅस बारीक केला आणि मनालीला फोन लावला. जे मी चार महिन्यांत केलं नाही ते तिनं मोहरी तडतडेपर्यंत केलं. मनालीचा आवाज फोनच्या स्पीकरवरून स्वयंपाकघरभर पसरला. "अरे बाप रे. मम्मी, थे नावाच्या रकान्यात मीच आजीचं नाव टाकून पाह्यलं होतं. इतकं लांब नाव बसते का नाही म्हणून. काढाचं राह्यलं वाटते. ज्यायनं बदलवलं नाही त्यायले तसंच गेलं. किती गेले?"

"नऊ," मी म्हणालो.

"नऊ? बाबा, तुमी पाठवू कसे देले? एकदा तरी विचाराचं नं मले!"

भाजी करपू लागली. हर्षानं झाकण काढलं आणि माझ्याकडे पाहिलं, आणि मला समजलं की तिला सगळं नाही तरी पुष्कळ कळलं आहे. मनाली पुढे म्हणाली की नाव कोरलेली वस्तू परत घेतली जाणार नाही अशी ओळ टाकली असेल तर काळजी नाही. ती ओळ लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी 'माणूस जातो' लिहिलं होतं.

नऊपैकी सात परत आली. ठाण्याच्या बाईंनी गंज ठेवून घेतला आणि वेबसाइटवर लिहिलं, 'मंगलाबाई कोण माहीत नाही, पण भांडं जड आणि छान आहे,' आणि चार तारे दिले. इचलकरंजीहून काहीच आलं नाही. तिथं कोणीतरी आईच्या नावात पाणी भरत असावं. खरं कारण कळल्यावर मला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रकान्यातली चूक समजली, पण तुलारामचा हात समजला नाही, आणि सात भांडी पुढच्या खोलीत ओळीनं बसली होती, कट्ट्यावर बसायची तशी, तोंडं वर करून. कोणी मागवलेली नव्हती. तरी आली होती. मी पाणी प्यायला उठलो की ती सात आणि मी एक असे आठ जण खोलीत असायचो.

मग एका रविवारी मी फळीवरची कानस काढली. हर्षा अंगणात आली. "आता कायले खोडता? ठेवू नं घरी. आईचंच नाव आहे."

"दुसऱ्याच्या नावाचं भांडं कोण घेईल?"

"मंग नका विकू. मी वापरीन."

"मोडीत देतो," मी म्हणालो. "नाव खोडून."

ती "तुमी आन तुमची आई" एवढंच म्हणून आत गेली. मी खाटेवर बसून पहिलं गुंड मांडीत घेतलं. चोवीस वर्षांत कानशीला पितळ लागलेलं नव्हतं. तिचे दात नव्यासारखे धारदार होते. टिंबं एकदम जात नाहीत. आधी कडा जातात, मग खोलगट काळपट ठिपका उरतो, मग तो फिका होतो, आणि तो गेला असं वाटल्यावरही तिरपं धरलं की दिसतो. 'मं' गेलं, 'ग' गेला. 'ला'पाशी बोट थांबलं. मला वाटलं दमलं असेल, पण दमलं नव्हतं. बारीक पिवळी धूळ मांडीवर, खाटेच्या सुतळीत, माझ्या भुवयांवर बसत होती. दुपार झाली, पाच भांडी झाली. ऊन उतरलं, सातही झाली. सातांच्या पोटावर सात चकचकीत पट्टे होते, अगदी आमच्या गडव्याच्या पोटावर आहे तसे. मी अंगठा पाहिला. पिवळा होता. खोडलं, मी मोठ्यानं म्हणालो. सगळ्यायचं. १९९९ साली बोललेलं वाक्य आता खरं झालं होतं, आणि फक्त पुढच्या प्रश्नाचं उत्तर उरलं होतं.

सोमवारी रजा टाकून मी त्याच मोडीच्या दुकानात गेलो. तिथं आता भैयाजी बसतात. तेव्हा गल्ल्यावर त्यांचे वडील होते. मी पिशवी उघडली. भैयाजींनी गुंड उचललं, टिचकी मारली, खूश झाले, फिरवलं, पट्ट्यावर अंगठा घासला आणि गुंड परत पिशवीत ठेवलं.

"हे नाही चालत, सर."

"काहून? पितळ आहे. तुमच्याच गल्लीतलं."

"पितळ तं एक नंबर आहे जी. पण नाव खोडलं आहे. चोरीचं समजतात. या गल्लीत कोणीच नाही घेणार."

"हे कधीपासून?"

"माह्या आज्यापासून. जुन्या बायायले बराबर माहीत राहे. ज्या भांड्यावर जीव, त्याचं नाव खोडून देत. मंग पोरगा घेऊन येवो का जावई, आमी वापस धाडत जाऊ. त्यायचं भांडं घरचं घरी." ते हसले. "तुमाले कोणी सांगितलं नाही का?"

त्यांनी बोट वर केलं. माझ्या डोक्याच्या बरोबर वर, भिंतीवर, पत्र्याची पाटी होती. 'नाव खोडलेली भांडी मोडीत घेतली जाणार नाहीत.' खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरनं वर्ष टाकलेलं होतं. १९८४.